पीक विकावं, सातबारा नाही

गेल्या रविवारी भाची आली होती. नाशिकरोडहून शेअर रिक्षाने द्वारकेला उतरली आणि आमच्या बिल्डिंगपर्यंत पोचायला तिला पुढची पंधरा मिनिटं लागली. आल्या आल्या पाणी पिऊन म्हणाली, "मावशी, तुमच्या द्वारकेला मुंबईचा रस्ता येतो, धुळ्याचा येतो, पुण्याचा येतो, सारडा सर्कलचा येतो. पण पायी माणसाने कुठून जायचं ते कुणालाच माहीत नाही!"

मी हसले. अठरा वर्षं इथे राहतेय, मलाही अजून माहीत नाही.

पण ती काही ट्रॅफिकबद्दल बोलायला आली नव्हती. चहा होईपर्यंत तिने फोन माझ्यासमोर ठेवला. "हे वाच, आणि सही करू का ते सांग. बुधवारपर्यंत कळवायचंय."

थोडं मागचं सांगते, म्हणजे नव्या वाचकांना कळेल. (घरच्या मंडळींना सगळं माहीत आहेच, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) आमची ही भाची गेली दोन वर्षं प्रतिलिपिवर कथा लिहिते. मुलगा झोपल्यावर, फोनवर, अंगठ्याने. तिची एक मालिका ७८ भागांची झाली. ट्रक ड्रायव्हरच्या बायकोची गोष्ट आहे. नवरा हायवेवर, ही घरी, आणि मधे फक्त फोन. वाचणाऱ्या बायका रात्री अकराला "पुढचा भाग कधी?" म्हणून विचारतात. सुरुवातीला मला वाटलं होतं, असेल काहीतरी सिरियलछाप. मग एका दुपारी वाचायला घेतली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पोरगी चांगलं लिहिते हो.

या सगळ्याचे तिला आजवर मिळाले साधारण साडेसहा हजार रुपये. वाचकांनी दिलेली स्टिकर्स, नाणी वगैरे धरून.

आता दुसऱ्याच एका कंपनीने तिला विचारलंय. तिची गोष्ट ऐकण्याच्या अ‍ॅपसाठी हवी आहे. एकरकमी चाळीस हजार रुपये. जावईबापू अंबडच्या ज्या कंपनीत आहेत तिथे तीन महिने पगार अर्धा येतोय, मुलाच्या शाळेचा दुसरा हप्ता अठ्ठावीस हजार आहे. म्हणजे हे चाळीस हजार काय आहेत ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

करारनामा अकरा पानांचा, इंग्रजीत. त्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. मराठीत सांगायचं तर, या कथेचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व भाषांत, जगभर आणि कायमचे, आज असलेल्या आणि पुढे कधी निघतील त्या सगळ्या तंत्रांसह, कंपनीकडे.

मी विचारलं, "पुढे यावर सिनेमा निघाला तर?"

"तर त्यांचा."

"तुला याचं पुस्तक काढायचं झालं तर?"

"त्यांना विचारून."

"आणि दुसरा भाग लिहायचा झाला तर?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, तू इतकी वर्षं ब्लॉग लिहितेस. तुला काय मिळालं?"

आता याला काय उत्तर देणार? मी २००८ पासून इथे लिहितेय. तेव्हा मराठी टाइप करता आलं यातच आम्हाला धन्य वाटायचं. बरहा, गमभन, मग युनिकोड. कुणी जाहिराती लावायचा विचार केला तर गूगलचं अ‍ॅडसेन्स मराठी पानांना घेत नव्हतं. ते मराठीसाठी सुरू झालं हिंदीच्याही काही वर्षांनंतर, तोवर आपली निम्मी मंडळी फेसबुकवर निघून गेली होती. पैशांच्या हिशेबाने माझ्या ब्लॉगची कमाई शून्य. उलट डोमेनचे दर वर्षी मीच भरते.

आणि मी काही फार शहाणी आहे अशातला भाग नाही. २०११ मध्ये मी एका संकेतस्थळाला माझी चौदा प्रकरणांची दीर्घकथा दिली होती. थेट तिथल्याच खिडकीत टाइप करायचे. दोन-तीन वर्षांनी ते संकेतस्थळ एके दिवशी उघडेचना. आज उघडेल, उद्या उघडेल करत महिना गेला. चौदापैकी पाच प्रकरणं जुन्या ईमेलमध्ये सापडली, बाकीची गेली. प्रत ठेवली नाही ही चूक माझीच. पण अजूनही कधीतरी भांडी घासताना त्यातलं एखादं वाक्य आठवतं आणि त्याच्या पुढचं आठवत नाही. असो.

तर तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मला एकदम आमचे दादा आठवले. दादा म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची कांद्याची शेती होती. कांदा निघाला की घरात एकच चर्चा चालायची. कुठे न्यायचा? लासलगाव, पिंपळगाव, निफाड की विंचूर? रात्री ओट्यावर चार जण जमायचे. काल लासलगावला काय भाव फुटला, पिंपळगावला गाड्या किती होत्या, कोण व्यापारी रोख देतो आणि कोण "पुढच्या सोमवारी या" म्हणतो. भाव एकच गोष्ट नसायची. हमाली, तोलाई, वाराई जाऊन हिशेबपट्टीवर खाली काय उरतं ते दादा बघायचे. पन्नास रुपये जास्त भाव देणाऱ्या बाजारात कधी कधी हातात कमीच पडायचं.

गोष्ट कुठे टाकायची हा प्रश्नही तसाच आहे असं मला वाटतं. तेव्हा आपण दादांच्या पद्धतीने एकेक बाजार बघू.

पहिला बाजार म्हणजे आपली जुनी संकेतस्थळं. मायबोली १९९६ पासून, मिसळपाव २००७ पासून. इथे भाव नाही, पैशाचा व्यवहारच नाही. पण इथले वाचक हातात कांदा घेऊन, फोडून, वास घेऊन बघतात. "तिसऱ्या भागात नायिकेचा भाऊ मोठा होता, सहाव्यात धाकटा कसा झाला?" असं विचारणारा वाचक पैसे देऊनही मिळत नाही. लिहायला शिकायचं तर इथे यावं. पोट भरायला नाही.

दुसरा, प्रतिलिपि. बंगळुरूची कंपनी, २०१४ साली सुरू झाली. इथली गर्दी मोठी आणि ती खरी वाचणारी आहे. आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात, मीही मुरडायचे. पण ज्या बायकांनी आयुष्यात कधी वाचनालयाची पायरी चढली नाही त्या तिथे रोज वाचतायत आणि लिहितायत, हे नाकारून कसं चालेल? पैसे मिळतात ते वाचकांच्या नाण्यांतून आणि वर्गणीतून. म्हणजे रोज भाग टाकत राहिलात तर. चार दिवस आजारी पडलात की वाचक दुसऱ्या गाडीकडे वळतात. भाचीला मागे डेंग्यू झाला होता तेव्हा सलाईन लावलेल्या हाताने तिने एक भाग टाकला होता. हे कौतुकाने सांगायचं की काळजीने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिवाय भागागणिक पैसे म्हटलं की गोष्ट लांबते. यात मराठी माणसाचा वेगळा दोष नाही. चीनमध्ये छीद्यान नावाच्या संकेतस्थळाने २००३ मध्ये प्रकरणागणिक पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि तिथे हजार-हजार प्रकरणांच्या कादंबऱ्या निघाल्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात मासिक हप्त्यांनी कादंबऱ्या विकल्या जायच्या तेव्हाही तेच. जिथे वजनावर पैसे मिळतात तिथे माल थोडा ओला असतोच!

तिसरा बाजार, अ‍ॅमेझॉनचं किंडल. २०१६ पासून तिथे मराठी पुस्तकं चालतात आणि लेखक स्वतःच आपलं ई-पुस्तक चढवू शकतो. सत्तर टक्के मानधन असं ऐकून आपण हुरळतो. पण नीट वाचा. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं, नाहीतर पस्तीस. आणि सिलेक्टमध्ये घातलं की नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. ना ब्लॉगवर, ना प्रतिलिपिवर. तुम्ही आठवणीने थांबवलं नाही तर पुढचे नव्वद दिवस आपोआप सुरू. यात फसवणूक काही नाही, सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण वाचतो कोण? शिवाय गिऱ्हाईक आपण आणायचं. रोज "पुढचा भाग कधी?" विचारणारी गर्दी तिथे नसते.

चौथा, ऐकण्याची अ‍ॅप्स. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठीत ऐकणारा वाचक आहे हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात दिसलं. मग कुकू एफएम, पॉकेट एफएम वगैरे. आज मराठी लेखकाला एकरकमी पैसे दिसले तर ते बहुधा याच बाजूला दिसतात. आणि करारनामेही इथेच सगळ्यात लांब असतात.

आणि एक गोष्ट सगळ्याच बाजारांना लागू. बाजार बंद पडतात. अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये अमेरिकेत किंडल वेला नावाचं भागाभागाने गोष्टी विकणारं ठिकाण काढलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. अ‍ॅमेझॉनने! आपल्याकडे वेस्टलँडसारखी प्रकाशनसंस्था २०२२ मध्ये त्याच अ‍ॅमेझॉनने बंद करायची ठरवली, तेव्हा लेखकांच्या पोटात गोळा आला होता. पुढे ती मंडळी प्रतिलिपिबरोबर गेली म्हणून निभावलं. माझी नऊ प्रकरणं गेली ती या मानाने किरकोळच म्हणायची.

मग करायचं काय?

दादांचं एक तत्त्व होतं. लाल कांदा टिकत नाही, तो निघाला की विकायचा, त्यात भावाची वाट बघायची नाही. उन्हाळ कांदा मात्र चाळीत टाकायचा. कांद्याची चाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीपासून उंच, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी लांबलचक साठवण. चार-पाच महिने कांदा राहतो. थोडा सडतो, थोडं वजन घटतं, पण ज्याच्याकडे चाळ आहे तो व्यापाऱ्याला "आज नाही द्यायचा" म्हणू शकतो. ज्याच्याकडे नाही त्याला गाडी परत नेता येत नाही, पडेल त्या भावात ओतून यावं लागतं. चाळीने भाव वाढत नाही. चाळीने नाही म्हणता येतं.

माझं मत असं की आपला ब्लॉग ही आपली चाळ आहे. इथे बाजार भरत नाही, हे मान्य. पण प्रत्येक गोष्टीची एक प्रत आपल्या ताब्यातल्या जागेवर असावी, तारखेसकट, आपल्या नावाने. आणि आणखी एक घरच्या कॉम्प्युटरवर. मग गोष्ट बाजारात न्या, दोन बाजारांत न्या, नाही पटलं तर परत आणा.

हरिभाऊ आपट्यांनी तरी वेगळं काय केलं? 'मधली स्थिती' १८८५ मध्ये दुसऱ्याच्या पत्रात, 'पुणे वैभव'मध्ये, क्रमशः आली. पाच वर्षांनी, १८९० मध्ये, त्यांनी स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यात भागाभागाने छापली. आपलं पत्र, आपले वाचक, आपली वर्गणी. मराठीतली ही एवढी मोठी कादंबरी दर आठवड्याला "पुढे चालू" होती, हे आजच्या मालिका लिहिणाऱ्या पोरींना कुणीतरी सांगायला हवं. त्यांना उगाच कमीपणा वाटतो.

दुसरं, दादा कितीही अडले तरी एक गोष्ट करायचे नाहीत. पीक विकायचे, सातबाऱ्याला हात लावायचे नाहीत. कराराचं हेच आहे. "ही गोष्ट तीन वर्षं, मराठीत, फक्त ऐकण्यासाठी" असं लिहिलं असेल तर ते पीक. "सर्व हक्क कायमचे" म्हणजे सातबारा.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूने बराच आहे. गोष्ट लिहिली की हक्क आपोआप तुमचा, नोंदणी लागत नाही. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं तो राहतो, म्हणजे नातवंडांपर्यंत. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं ते करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय दिलं असं मानत नाहीत. आणि सगळं विकून टाकलं तरी "हे मी लिहिलंय" म्हणायचा हक्क कलम ५७ प्रमाणे लेखकाकडेच राहतो. म्हणूनच कंपन्या "कायमचे", "जगभर", "पुढे निघतील ती सगळी माध्यमं" असे शब्द आवर्जून घालतात. ते शब्द नसते तर कायद्याने ते तुमचेच राहिले असते!

इथवर मी भाचीला ऐकवलं. माझं मलाच बरं वाटत होतं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, पण आजोबांनी मोठ्या मावशीच्या लग्नाला अर्धा एकर विकला होता ना?"

विकला होता. मी सोयीस्करपणे विसरले होते.

दादा त्या वर्षी काही बोलले नाहीत. खरेदीखत झालं त्या दिवशी घरी येऊन आंघोळ केली आणि जेवले. आम्ही कुणी त्यांना "चुकलात" म्हणालो नाही, म्हणायची कुणाची टापही नव्हती, आणि ते चुकले होते असं मला आजही वाटत नाही. ज्याच्या घरात लग्न उभं आहे त्याला सातबाऱ्याचं महत्त्व समजावून सांगणारे आपण कोण? महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या बाईने ब्लॉगवर बसून "हक्क विकू नका" म्हणणं फार सोपं आहे.

म्हणून आपल्यातले जे म्हणतात की पैशासाठी लिहिलेलं ते साहित्य नव्हे, त्यांचं मला पटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आमच्या गावात ज्यांना वाचनाची सवय लागली ती त्यांच्याच पुस्तकांनी. पैसे मिळवण्यात लाज नाही. लाज असलीच तर न वाचता सही करण्यात आहे, आणि ती मीही केली आहे.

मग आम्ही दोघींनी बसून कंपनीला एक ईमेल लिहिला. फक्त तीन मागण्या. एक, हक्क फक्त ऐकण्याच्या रूपाचे आणि पाच वर्षांसाठी. दोन, छापील पुस्तकाचा हक्क तिच्याकडे. तीन, प्रत्येक भागावर लेखिका म्हणून तिचं नाव. भाषा नम्र ठेवली. "विनंती" हा शब्द दोनदा घातला, तिला तीनदा घालायचा होता.

मंगळवारी उत्तर आलं. पहिली मागणी नामंजूर, आमचा करार सगळ्यांना सारखाच असतो म्हणून. दुसरी मंजूर, पण रक्कम पाच हजारांनी कमी. तिसरी मंजूर.

तिने बुधवारी सही केली. पस्तीस हजार. अठ्ठावीस शाळेचे गेले, राहिलेल्या सातातून गॅस, किराणा, आणि मला एक साडी आणणार होती ती मी आणू दिली नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं. त्या ट्रक ड्रायव्हरच्या बायकोचं पुढे काय होणार ते आता कुणीतरी तिसराच ठरवू शकतो, या विचाराने दोन रात्री नीट झोप लागली नाही. पण तिचं पुस्तक तिच्याकडे राहिलं आणि नाव तिच्याकडे राहिलं. न विचारता सही केली असती तर पुस्तक गेलंच असतं, आणि नावासाठी भांडत बसावं लागलं असतं. विचारायला खर्च आला पाच हजार रुपये. माझ्या मते स्वस्तात पडलं.

जाताना तिला सोडायला सर्कलपर्यंत गेले. डोक्यावर उड्डाणपूल, त्यावरून गाड्या धुळ्याकडे न थांबता सुसाट चाललेल्या. खाली रिक्षा, बस, भाजीवाले, आणि मधे आम्ही दोघी रस्ता ओलांडायला उभ्या. ती म्हणाली, "नवीन सुरू केलीये. यावेळी एका आचारीण बाईची आहे. दहा भाग झाले."

"कुठे टाकतेयस?"

"अजून कुठेच नाही. आधी तुला मेल करते. तुझ्या चाळीत ठेव."

काल रात्री अकरावा भाग आला. मी त्याची एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवली, एक पेनड्राइव्हवर. आणि बाराव्याची वाट बघतेय.

तुमच्यापैकी कुणी असा करार केला असेल, चांगला किंवा वाईट, तर प्रतिक्रियेत जरूर लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त काय मागितलं आणि काय मिळालं ते लिहा. तिच्यासारख्या आणखी पुष्कळ जणी असतील, त्यांच्या कामी येईल. आणि घरच्यांनी कृपया फोन करून "तिच्या घरच्या गोष्टी का लिहिल्यास" असं विचारू नये. तिला आधी वाचायला दिलं होतं. तिने फक्त एक दुरुस्ती सांगितली, "सलाईन डाव्या हाताला होतं, मावशी. टाइप मी उजव्यानेच केलं." :)